‘रन’ला दुसरा शब्द

इंग्रजी शिकणारं पोर वर्गात हमखास विचारतं, ‘‘सर, याला दुसरा शब्द काय?’’ ‘बिग’ला ‘लार्ज’, ‘बिगिन’ला ‘स्टार्ट’ असं सांगून सरांची सुटका होते. ‘रन’च्या बाबतीत मात्र सरांनाच उलट विचारावं लागतं: कुठल्या ‘रन’ला? कारण इंग्रजीत मुलगा ‘रन’ करतो तसा नळही करतो. सर्दी झालेलं नाक करतं, इंजिन करतं, पहिल्यांदा धुतलेल्या ओढणीचा रंग करतो. रस्ता नदीकाठाने ‘रन’ करतो, नाटक वर्षानुवर्षं ‘रन’ करतं, एखाद्या बाई हॉस्पिटल ‘रन’ करतात आणि अमेरिकेतला पुढारी निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. या सगळ्यांच्या जागी बसेल असा एक दुसरा शब्द इंग्रजीत नाही. नळापुरता ‘फ्लो’ आहे, हॉस्पिटलपुरता ‘मॅनेज’, नाटकापुरता ‘कंटिन्यू’. ‘फ्लो’ आणि ‘मॅनेज’ हे दोघेही ‘रन’चे प्रतिशब्द, पण त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

‘रन’च्या प्रतिशब्दांच्या या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एवढंच आहे की प्रतिशब्द शब्दाला नसतो, त्याच्या एखाद्या अर्थाला असतो. बाजारात मिळणारे समानार्थी शब्दांचे कोश नेमकं हेच विसरतात. ‘रन’समोर वीस-पंचवीस शब्द स्वल्पविराम देऊन मांडतात आणि विद्यार्थी त्यातला दिसायला भारदस्त शब्द उचलतो. मग ‘माझे काका दुकान चालवतात’ याच्या इंग्रजीत काका दुकान ‘गॅलप’ करू लागतात.

एका शब्दासाठी स्वतंत्र पुस्तिका कशाला, असं कुणी विचारील. उत्तर ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला तेव्हा ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ दिले होते, आणि तेव्हा ते फार वाटले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं झालं १९२८ साली. तिच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची: ४३०हून अधिक अर्थ, सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर. पुढे जुन्या नोंदी सुधारायला घेतल्या तसा हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे गेला आणि २०११ साली ‘रन’ने तिघांनाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ते लावायला पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले.

६४५ ऐकून दचकायचं कारण नाही. कोशकार फार बारीक चिरतात. माणसाची धाव वेगळी, घोड्याची वेगळी, शर्यतीतली वेगळी, भीतीने घेतलेली वेगळी, असं ते मोजत जातात आणि जुन्या ग्रंथांतल्या अवतरणांच्या आधारे प्रत्येकाला क्रमांक देतात. व्यवहारात लागणारे अर्थ दोन-तीन डझनांत आटोपतात. पण एकाच क्रियापदाने एवढा पसारा का मांडावा, याचं कारण पाहण्यासारखं आहे.

जुन्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं होती. एक ‘रिनन’, म्हणजे आपण स्वतः धावणं किंवा पाण्याने वाहणं. बोलण्यात त्याचं ‘इर्नन’ असंही रूप होई, आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तसं. दुसरं ‘अॅर्नन’, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा दौडवणं. पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीतलं याच कुळातलं क्रियापद येऊन मिसळलं आणि कालांतराने सगळ्यांचं मिळून एकच ‘रन’ झालं. कर्ता आणि करविता यांना एकच शब्द पुरू लागला. घोडा ‘रन’ करतो आणि स्वारही घोडा ‘रन’ करतो. गिरणी ‘रन’ करते आणि मालकही गिरणी ‘रन’ करतो. आपण मराठीत हे दोन निराळे ठेवले आहेत: चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे. एवढा एक ‘व’ इंग्रजीला मिळाला असता तर त्या ६४५ मधले बरेच आकडे दुसऱ्या खात्यावर गेले असते.

वाहण्याचा अर्थही मागाहून चिकटलेला नाही, तो मुळातलाच आहे. जर्मनमध्ये आजही ‘रिनन’ म्हणजे वाहणं आणि ‘रेनन’ म्हणजे धावणं. इंग्रजीत ओढ्याला ‘रनल’ म्हणतात. चीजच्या पाकिटावर घटक वाचायची सवय असलेल्यांनी ‘रेनेट’ हा शब्द पाहिला असेल. शाकाहारी मंडळी तो वाचूनच पाकीट घ्यायचं की ठेवायचं ते ठरवतात. दूध फाडायला, म्हणजे त्याचे कण एकत्र आणायला वापरतात तो हा पदार्थ आणि त्याचं नाव ‘रन’च्याच घरातलं आहे.

मग यंत्रं आली. घड्याळं, वाफेची इंजिनं, आगगाड्या, छापखाने आणि शेवटी संगणकाचे प्रोग्रॅम. या सगळ्यांना पाय नव्हते, पण गती होती, आणि इंग्रजीला हाताशी असलेलं क्रियापद ‘रन’ होतं. आज आपण मराठीतही ‘ट्रायल रन घेतला’, ‘प्रोग्रॅम रन होत नाही’ असं बिनदिक्कत म्हणतो. रेल्वेत ‘रनिंग स्टाफ’ आणि त्यांच्या विश्रांतीची ‘रनिंग रूम’ आहे. गाडीने वेग घेतलेला असताना चढणाऱ्याला ‘रनिंगमध्ये चढू नको’ असं सांगायला मुंबईत दुसरा शब्द कुणी शोधत नाही.

मराठी मात्र स्वभावाने चालणारी भाषा आहे. इंग्रजांचं घड्याळ धावतं, आपलं चालतं. दुकान चालतं, शाळा चालते, घर चालतं, सरकारही रडतखडत का होईना पण चालतंच. इंग्रजी जिथे ‘रन’ म्हणते तिथे आपल्याकडे नाक वाहतं, रंग जातो, साखर संपते, ताप येतो. पिढीजात गुण ‘रक्तातच असतो’. आगगाडी तेवढी वर्तमानपत्रांत ‘धावते’, आणि तीही बहुधा मथळ्यात. फलाटावरचा माणूस ‘आज गाड्या चालू आहेत ना?’ असंच विचारतो. निवडणुकीची गोष्ट तर फारच गमतीची. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडमध्ये तो ‘स्टँड’ करतो आणि आपणही निवडणुकीला ‘उभे’च राहतो. तेव्हा ‘स्टँड’ हा ‘रन’चा प्रतिशब्द आहे, असं या पुस्तिकेत एका ठिकाणी गंभीरपणे छापलेलं दिसेल. ती मुद्रणदोषाची जागा नव्हे.

प्रतिशब्दांचा शास्त्रशुद्ध विचार युरोपात फ्रेंचांनी आधी केला. गॅब्रिएल जिरार या पाद्र्याने १७१८ साली एक पुस्तक लिहून दाखवलं की समानार्थी म्हणवणारे शब्द बारकाईने पाहिले तर समान नसतात. इंग्रजीतलं या प्रकारचं एक मोहक पुस्तक जॉन्सनची मैत्रीण हेस्टर पिओत्सी हिने १७९४ साली काढलं, ‘ब्रिटिश सिनॉनिमी’. जॉन्सनच्या वर्तुळात वावरलेल्या या बाईने इटालियन संगीतकाराशी लग्न केलं होतं, आणि हे पुस्तक तिने इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या परदेशी मित्रांना अर्पण केलं. घरात जन्मलेल्याला ‘फ्लो’ आणि ‘रन’ यांतला फरक कुणी सांगावा लागत नाही. बाहेरून आलेल्यालाच तो अडतो. आपणही त्या परदेशी मित्रांपैकीच, म्हणून मला ही बाई जवळची वाटते.

सर्वांत गाजला तो पीटर मार्क रॉजे. पेशाने डॉक्टर, लंडनच्या रॉयल सोसायटीचा अनेक वर्षं चिटणीस. फटींतून पाहताना फिरत्या चाकाच्या आऱ्या वाकलेल्या का दिसतात, यावर त्याचा निबंध १८२५ साली छापला गेला होता. शब्द गोळा करण्याचा नाद त्याला तरुणपणापासून होता. पण त्याचा ‘थिसॉरस’ बाहेर पडला १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्याने अकारविल्हे लावण्याऐवजी सगळ्या कल्पनांचे सहा वर्ग पाडले आणि त्यांखाली हजार विषय मांडले. ‘रन’ शोधायचा तर आधी सूचीत जायचं, आणि सूची विचारते: तुम्हाला वेग हवा, प्रवाह हवा, की सातत्य? रॉजेचं मोठेपण या उलट्या प्रश्नात आहे. त्याची नक्कल करणाऱ्या स्वस्त कोशांनी प्रश्न गाळला आणि यादी ठेवली.

रॉजेच्या प्रस्तावनेत आपल्या लोकांनी वाचावी अशी एक तळटीप आहे. कल्पनांनुसार शब्द मांडण्याचा आपल्या माहितीतला सर्वांत जुना प्रयत्न म्हणून तो तिथे अमरकोशाचं नाव घेतो. कोलब्रुकने केलेली अमरकोशाची इंग्रजी आवृत्ती १८०८ साली सेरामपूरला छापली होती, तिचा तो उल्लेख करतो. अमरकोशाचं वैशिष्ट्य असं की त्यात दोन्ही बाजूंची सोय आहे. एका अर्थाचे अनेक शब्द तर आहेतच, पण तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ही आहे, एका शब्दाच्या अनेक अर्थांचा. तिथे ‘हरि’ काढून पाहावा: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूकसुद्धा. संस्कृतातला ‘रन’च म्हणायचा. पाठांतराच्या शाळेत वाढलेल्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं की आधी अर्थ पक्का करावा, मग प्रतिशब्द शोधावा. विसाव्या शतकात ग्लासगो विद्यापीठाच्या मंडळींनी ऑक्सफर्ड कोशातले सगळे अर्थ सुटे करून विषयवार आणि कालक्रमाने लावायला घेतले. १९६५ साली सुरू झालेलं ते काम २००९ साली दोन जाडजूड खंडांत छापून झालं. त्यातही एकक शब्द हा नाही, अर्थ हा आहे.

आता मूळ अर्थाकडे, पायांनी धावण्याकडे. इथे इंग्रजीची श्रीमंती डोळे दिपवणारी आहे आणि चुकाही इथेच जास्त होतात. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरात सगळी ताकद ओतून. ‘जॉग’चा जुना अर्थ हलणं-हिसकणं, त्यातून आजची सकाळची बागेतली संथ धाव. ‘लोप’ म्हणजे लांडग्यासारख्या लांब, सैल ढांगा टाकत. ‘स्करी’ आणि ‘स्कँपर’ दोन्हींत पावलं लहान आणि भरभर, पण ‘स्करी’त घाई आणि धास्ती आहे, उंदीर दिवा लागल्यावर ‘स्करी’ करतो, शाळा सुटल्यावर पोरं ‘स्कँपर’ करतात. ‘स्कटल’ खेकड्याला शोभतं. आपल्या तुरुतुरु, दुडुदुडु या शब्दांनी हाच भेद आपण नादातून साधतो. इंग्रजी कोशात तो क्रियापदांत विखुरलेला आहे, म्हणून पुस्तिकेत प्रत्येक शब्दासमोर ‘कोण धावतं’ हे आधी दिलं आहे.

घोड्यांच्या चाली तर अक्षरशः मोजून घेता येतात. ‘ट्रॉट’मध्ये टापांचे दोन ठोके ऐकू येतात, कारण तिरप्या रेषेतले पुढचे-मागचे पाय जोडीने पडतात; आपली दुडकी ती हीच. ‘कँटर’मध्ये तीन ठोके, ‘गॅलप’मध्ये चार. यातलं ‘कँटर’ हे ‘कँटरबरी’चं तोडलेलं रूप आहे. ११७० साली कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट मारला गेला, त्याच्या समाधीला यात्रेकरू घोड्यांवरून जात आणि त्यांच्या त्या सुखाच्या चालीला गावाचं नाव पडलं. पंढरीच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांच्या देशात असा शब्द कसा तयार होणार!

पळून जाण्याच्या अर्थाकडे आलं की मात्र मराठी इंग्रजीला हार जात नाही. पळ काढणे, पोबारा करणे, धूम ठोकणे, सूंबाल्या करणे, गुंगारा देणे, काढता पाय घेणे. प्रत्येकाची छटा निराळी, आणि सुदैवाने बहुतेकांना इंग्रजीत जोडीदार आहे. ‘अॅब्स्काँड’ हा कोर्टाचा शब्द, त्याला ‘फरार होणे’ हाच हवा. आरोपीने किंवा कॅशियरने करायची ती गोष्ट. ‘बोल्ट’ हे बाणावरून आलं, घोडा अचानक उधळतो तसं. ‘डीकँप’ म्हणजे मुळात छावणी हलवणं, आणि आपला ‘गाशा गुंडाळणे’ त्याच्याशी इतका जुळतो की नवल वाटतं. गाशा म्हणजे खोगिरावर टाकायचं कापड. ‘फ्ली’ मात्र गंभीर. युद्धातून, पुरातून, छळातून माणसं ‘फ्ली’ करतात; तिथे धूम ठोकणे लिहिलं तर निर्वासितांची थट्टा होते.

कारभार चालवण्याच्या अर्थाला पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण मराठी माणसाला नोकरीच्या अर्जात तोच लागतो. ‘मॅनेज’ इटालियनमधून आला आणि तोही घोड्याला हाताखाली घेण्यावरून. ‘गव्हर्न’ जहाजाच्या सुकाणूवरून. आपण कारभार ‘हाकतो’, संसाराचा ‘गाडा’ ओढतो, म्हणजे आपलं सगळं बैलगाडीवर. हे झालं मूळ. आजचा वापर वेगळा पाहावा लागतो. ‘अॅडमिनिस्टर’मध्ये नियम, कागद आणि दुसऱ्याने सोपवलेला अधिकार असतो. ट्रस्टचा पैसा ‘अॅडमिनिस्टर’ होतो, वडापावची गाडी होत नाही. ‘ऑपरेट’मध्ये यंत्र किंवा सेवा असते: विमान कंपनी एखादा मार्ग ‘ऑपरेट’ करते. ‘मॅनेज’मध्ये माणसं सांभाळणं आलं आणि थोडंसं निभावून नेणंही आलं. ‘रन’ या सगळ्यांपेक्षा मोकळा आणि घरगुती. त्यात मालकी असलीच पाहिजे असं नाही, पण रोजची धग सोसणारा माणूस तो, एवढं नक्की. अर्जात ‘मॅनेज्ड’ लिहावं, मित्राला सांगताना ‘रन’ म्हणावं.

नामातला ‘रन’ क्रियापदापेक्षा लहान, पण त्यातल्या दोन नोंदींवर मी रेंगाळलो आहे. पहिली अर्थातच क्रिकेटची. अठराव्या शतकात धावा काठीवर खाचा पाडून मोजत, म्हणून धावेला ‘नॉच’ म्हणत. तो शब्द गेला आणि ‘रन’ एकटा राहिला; या अर्थाला आज चालता प्रतिशब्द नाही, हेही कोशात सांगावं लागतं. गंमत म्हणजे चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा हलत नाही आणि त्याच्या खात्यात चार ‘रन’ जमा होतात. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला ‘धाव’, ‘धावबाद’ हे शब्द परके वाटत नाहीत. गल्लीतली पोरं मात्र ‘रन काढ’ असंच ओरडतात, आणि त्यांना कुणी अडवू नये.

दुसरी नोंद बँकेची. ठेवीदारांचा विश्वास उडून सगळे एकदम पैसे काढायला आले की त्याला ‘बँक रन’ म्हणतात. २००७च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात ‘नॉर्दर्न रॉक’ या बँकेवर अशी पाळी आली. छायाचित्रांत दिसतात ती शाखांबाहेर शिस्तीत रांग लावून उभी असलेली माणसं; धावताना कुणीच दिसत नाही. हा अर्थ ‘पॅनिक’ने पुरा होत नाही आणि ‘रश’नेही नाही. मराठीत ‘बँकेवर ठेवीदारांची झुंबड’ असं लिहावं, ‘बँकेवर धाव’ लिहिलं तर वाचक मॅरेथॉन समजेल.

नाटकाच्या ‘रन’बद्दल थोडक्यात. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ १९५२च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. २०२० साली करोनामुळे थांबलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागलं. तिथे ‘रन’ म्हणजे सलग चालण्याचा काळ. आपण काळ मोजत नाही, प्रयोग मोजतो, आणि ते गावोगावही होतात. म्हणून त्या नोंदीत मराठी प्रतिशब्द न देता दोन ओळींचा खुलासा दिला आहे.

मांडणीबद्दल एवढंच सांगायचं की अर्थ आधी, मग उदाहरणाचं वाक्य, मग त्या वाक्यात जसाच्या तसा बसणारा प्रतिशब्द, आणि बसत नसेल तर तो का बसत नाही, असा क्रम आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी भेद जागोजागी नोंदले आहेत. लांब मोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडली तर अमेरिकेत तो ‘रन’ आणि इंग्लंडात ‘लॅडर’. ‘रन’ला शेपटी लागून होणारी क्रियापदं शेवटी वेगळी काढली आहेत, आणि सगळी घेतलेली नाहीत. ‘रन आउट’, ‘रन इंटू’, ‘रन ओव्हर’ घेतली. ‘रन डाउन’ला मात्र सबंध पान द्यावं लागलं: त्याने घड्याळाची किल्ली उतरते, माणसाची प्रकृती खालावते, गाडी पादचाऱ्याला उडवते, पोलिसांना चोराचा माग लागतो आणि शेजारीण शेजारणीला नावं ठेवते. या पाचांसाठी पाच ओळी दिल्या आहेत.